पोटातल्या पावण्यांसाठी एक चमचा मध

आधी चहा घ्या. साखर घातलीय, मध नाही. का नाही, तेच सांगणार आहे, पण एका अटीवर. आमच्या निरगुडसरला आहात तोवर हा विषय माझ्या सासूबाईंसमोर काढायचा नाही. हा किस्सा त्या माझ्यापेक्षा रंगवून सांगतात आणि त्यांच्या सांगण्यात मी अजूनच बावळट दिसते. तेवढी हौस मला नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण पुढे गेल्यावर तुम्हाला ती पटायची नाही. मी बी.एस्सी. आहे. केमिस्ट्री. ओवी व्हायच्या आधी तीन वर्षं मी शाळेत आठवी-नववीच्या मुलांना विज्ञान शिकवत होते. त्या मुलांचं पुढे काय झालं, याची मला अलीकडे काळजी वाटते.

ओवी म्हणजे माझी लेक. तेव्हा सव्वातीन वर्षांची. थंडीत तिचा कान दुखला, डॉक्टरांनी पाच दिवसांचं औषध दिलं. कान बरा झाला आणि पोट बिघडलं. दिवसातून चार-चारदा. तिला घेऊन घोडेगावला डॉक्टरांकडे गेले, तर ते हसून म्हणाले, "अँटिबायोटिकनं होतं असं कधीकधी. पाणी भरपूर द्या, दहीभात द्या. आठवड्याभरात बसेल पोट."

बसेल. एवढ्या एका शब्दावर ज्या आया घरी येऊन झोपू शकतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मी एसटीतच फोन उघडला.

निरगुडसर येईपर्यंत मला सगळं कळलं होतं. आपल्या आतड्यात म्हणे असंख्य चांगले जिवाणू राहतात. ते अन्न पचवतात, आजारांशी लढतात, इतकंच काय, आपला मूडसुद्धा सांभाळतात. औषधानं वाईट जंतूंबरोबर हे बिचारेही मरतात. म्हणजे माझ्या लेकीच्या इवल्याशा पोटात आता शुकशुकाट. जे काही थोडे उरले असतील ते उपाशी. आणि त्यांना खायला काय आवडतं? मध. मधात काही साखरा अशा असतात की त्या आपल्याला पचत नाहीत, तशाच पुढे आतड्यात जातात आणि तिथे या चांगल्या जिवाणूंची पंगत बसते.

लेखाच्या खाली अजून बरंच काही लिहिलं होतं, पण तेवढ्यात आमचा स्टॉप आला. हे लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यातले निम्मे घोटाळे स्टॉप लवकर आल्यामुळे झालेत.

घरी आल्या आल्या मी जाहीर केलं, "आई, उद्यापासून ओवीला रोज एक चमचा मध."

सासूबाई पडवीत शेंगा फोडत होत्या. हात थांबला.

"मध? तुज्या तोंडानं म्हनतीस?"

यामागे इतिहास आहे. ओवीच्या बारशाला सासूबाईंची बहीण मधाची बाटली आणि सोन्याची अंगठी घेऊन आली होती, बाळाला चाटवायला. मी ती बाटली त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावली. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, हा नियम बरोबरच आहे, कुठल्याही डॉक्टरांना विचारा. पण मी तो ज्या आवाजात सांगितला तो आवाज चार गल्ल्यांना ऐकू गेला. शिवाय स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवला. मावशी त्यानंतर वर्षभर आल्या नाहीत.

"तवा मध म्हंजी इख व्हतं," सासूबाई म्हणाल्या, "आन् आता अवशीद झालं?"

"तेव्हा ती वर्षाच्या आत होती, आई. आता पोटातल्या चांगल्या जिवाणूंना खायला घालायचंय."

"कुनाला?"

"बारीक बारीक जीव असतात पोटात."

"जंत."

"जंत नाही हो. जंत वाईट. हे चांगले. आपल्या पोटात राहतात, आपण खातो त्यातलंच खातात आणि पचवायला मदत करतात."

सासूबाईंनी एक शेंग फोडून दाणे तोंडात टाकले, थोडा विचार केला.

"म्हंजी पावणं. ऱ्हात्यात, खात्यात, वर कामाला हात लावत्यात. असलं पावणं आपल्याकडं कदी आलं न्हाईत बघ."

ओवी मांडीवर बसून हे सगळं कान देऊन ऐकत होती. तेव्हा मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. हेही लक्षात ठेवा.

मध कुठून आणायचा हा प्रश्नच नव्हता. आमच्याच रानात मधमाश्यांच्या वीस पेट्या होत्या, खंडूभाऊंच्या. तुम्ही म्हणाल, कांद्याच्या रानात मधमाश्यांचं काय काम. तर माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, त्या वर्षी अर्धा एकर कांदा बियांसाठी धरला होता. कांदा परत लावला की त्याला उंच दांडे येतात आणि दांड्यांवर पांढरे गोंडे फुलतात. त्या गोंड्यांवर माश्या फिरल्या तरच आत काळं बी भरतं. नाही फिरल्या तर नुसते गोंडे. बघायला छान, कामाला शून्य. पुढच्या वर्षीचं आमचं आणि निम्म्या भावकीचं बी त्या अर्ध्या एकरावर अवलंबून होतं.

खंडूभाऊ मूळचे मेंढपाळ. त्यांचे वडील दरवर्षी आमच्या रानात मेंढरं बसवायचे. चार रात्री कळप रानात बसला की रानाला खत मिळायचं, कळपाला चारा. मुलानं मेंढरं विकून पेट्या घेतल्या. खोडदला त्या आकाशाकडे बघणाऱ्या रेडिओ दुर्बिणींच्या मोठमोठ्या थाळ्यांच्या आसपास, मग डोंगराच्या अंगाला कारळ्याच्या पिवळ्या फुलांवर, मग आमच्या कांद्यावर असा त्यांचा वर्षाचा फेरा.

"आदी मेंढरं बसवायचो, आता माश्या बसवतो," ते म्हणायचे. "फरक इतकाच, मेंढरू हरवलं तर हाक मारता येती."

त्यांनी कारळ्याच्या फुलांवरच्या मधाची बाटली आणून दिली आणि ओवीच्या पोटातल्या पंगतीची तयारी सुरू झाली.

मी वही केली. केमिस्ट्रीची सवय. रकाने आखले: तारीख, मध, दही, किती वेळा, घट्टपणा, रंग. रोज सकाळी वाटीत दोन चमचे दही, त्यात एक चमचा मध. ओवी ती वाटी घेऊन पायरीवर कोवळ्या उन्हात बसायची. मी आत वही भरायची. दहा मिनिटांनी वाटी अशी लख्ख परत यायची की घासायची गरज पडू नये.

आणि परिणाम? दुसऱ्या दिवशी चारवरून तीन. चौथ्या दिवशी दोन. सहाव्या दिवसाची नोंद मला आजही पाठ आहे: 'एकदा. घट्ट. रंग उत्तम.' त्या दिवशी मी नवऱ्याला चाकणला, कंपनीत, फोन करून ती नोंद वाचून दाखवली. तो जेवत होता. पुढे दोन दिवस त्यानं दुपारच्या वेळी माझा फोन उचलला नाही.

या काळात सासूबाई ओवीला सकाळ-संध्याकाळ जिरं घातलेली तांदळाची पेज भरवत होत्या. पण पेजेसाठी वहीत रकाना नव्हता.

दहाव्या दिवशी सकाळी बाटली उचलली आणि उजेडात धरली. खालचा तिसरा हिस्सा पांढुरका झाला होता. चमचा घातला तर खरखर. बोटांवर घेऊन चोळलं. कण. दाताखाली धरलं. कुरकुर.

साखर.

नऊ दिवस मी माझ्या लेकीला, तिच्या अशक्त, नाजूक, नुकत्याच सावरणाऱ्या जिवाणूंना, किराणा दुकानातली साखर खाऊ घालत होते.

मी आरोप करण्याआधी पुरावे गोळा केले. फोनवर सापडलेल्या सगळ्या परीक्षा घेतल्या. ग्लासभर पाण्यात थेंब टाकला, तो सरळ तळाला गेला. म्हणजे मध खरा. काडेपेटीची काडी मधात बुडवून ओढली, ती पेटली नाही. म्हणजे मध खोटा. काडी आधीच सादळलेली होती हे मला दुपारी चूल पेटवताना कळलं, पण तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

एक-एक अशी बरोबरी असताना सासूबाई बाहेर आल्या.

"कुत्र्याला दाव. खरा मध कुत्रं तोंडात घेत न्हाई."

आता टायगरची ओळख करून द्यायला हवी. टायगर हे आमच्या दारातलं कुत्रं. नावच तेवढं टायगर. आला तेव्हा अंगावर बरगड्या आणि दोन कान, बाकी काही नाही. आमच्याकडे उसात बिबटे असतात आणि गावातली कुत्री दिवेलागणीला आत घ्यावी लागतात. टायगरला मात्र कुणी आत घेत नसे. बिबट्यानं त्याला बांधावर दोनदा जवळून बघितलं होतं आणि दोन्ही वेळा सोडून दिलं होतं.

मी झाकणात मध घेतला आणि पायरीवर ठेवायला वाकले. झाकण जमिनीला टेकायच्या आत टायगर हजर. झाकण चाटलं, चमचा चाटला, माझं बोट चाटलं, मग शेपूट हलवत माझ्याकडे असा बघत बसला, जणू हॉटेलात बसलाय आणि उरलेली ऑर्डर यायचीय.

"बाय माज्या," सासूबाई म्हणाल्या. "लईच खोटा हाय."

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? खंडूभाऊंना बोलावून शांतपणे विचारलं असतं. बरोबर. मी आई होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी केलेला गावातल्या बायकांचा ग्रुप होता, त्यावर मी बाटलीच्या तळाचा फोटो टाकला आणि लिहिलं: 'सावधान. आपल्या शिवारात पेट्या घेऊन फिरणाऱ्यांकडून मध घेताना काळजी घ्या. साखर आढळली आहे. लहान मुलांना देऊ नये. एक आई, बी.एस्सी.'

नाव लिहिलं नव्हतं हं. मी काय इतकी बेजबाबदार आहे? अख्ख्या शिवारात पेट्यावाला एकच होता, एवढंच.

दहा वाजता मी साखर लिहिलं होतं. अकरापर्यंत त्याचा पाक झाला. दुपारी मंचरहून नणंदेचा फोन.

"वहिनी, मधात युरिया सापडला म्हणे?"

"युरिया नाही हो, साखर."

"आणि ओवीला सलाइन लावलंय ते?"

ओवी समोर टायगरच्या कानात काहीतरी सांगत होती.

तीनच्या सुमारास खंडूभाऊ आले. मला वाटलं होतं भांडतील. मी दोन-चार उत्तरं तयारही ठेवली होती. पण ते ओट्याच्या कडेला टेकले, पाणी दिलं तर नको म्हणाले आणि माझ्याकडे न बघता आप्पांशी बोलले.

"आप्पा, सांजच्याला टेम्पो सांगितलाय. माश्या घरी आल्या का दारं लावतो पेट्यांची आन् निगतो."

"आरं खंडू, फुलोरा आत्ता कुठं आलाय."

"व्हय. पर ज्याच्या मधात साखर, त्याच्या माश्या तरी रानात कशाला ठिवता?"

आप्पा दिवसाला साधारण अकरा शब्द बोलतात. त्यातले सहा तिथंच संपले होते. त्यांनी माझ्याकडे वळून आणखी तीन खर्च केले.

"बी धरायचं न्हाई."

बसा आता. अर्धा एकर पांढरे गोंडे डोलत होते आणि मला ते पहिल्यांदाच नीट दिसले.

तरी मी हार मानली नाही. शिकलेल्या माणसाचा हाच तर त्रास असतो.

"पण भाऊ, साखर आहे त्यात. मी स्वतः बोटावर चोळून बघितली."

"हाये की, वहिनी. मध म्हंजी दुसरं काय असतंय? माशी फुलातला गोडवाच आणती. थंडी पडली का तो खाली बसतो, दाणं धरतो."

"मग दुकानातल्या बाटलीत का नाही बसत?"

"ते दुकानदाराला इचारा."

इतक्यात सासूबाई आत गेल्या आणि तुपाची बरणी घेऊन आल्या. ती त्यांनी माझ्या हातात दिली.

"ह्ये काय हाय?"

"तूप."

"कसं हाय?"

"छान. रवाळ."

"कडवलं तवा रवाळ व्हतं का?"

"नाही. पातळ होतं. थंडीत थिजल्यावर..."

मी बरणीचं झाकण लावलं.

"तूप रवाळ झालं तवा बी फोटू काढून टाकलास," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या घरचं रवाळ तूप म्हनून. लई बायांनी अंगठं दिलं. आन् मध रवाळ झाला तर युरिया?"

"मी युरिया नव्हतं म्हटलं."

"तू कुत्र्याचं तरी कशाला ऐकलंस?"

कुत्र्याची परीक्षा कुणी सुचवली होती, हे विचारण्याची ती वेळ नव्हती.

आणि तेव्हा मला आठवलं. आठवीचा वर्ग. फळ्यावर माझ्याच अक्षरात: संपृक्त द्रावण आणि स्फटिकीकरण. काचेच्या पेल्यात साखरेचा दाट पाक, त्यात सोडलेला दोरा आणि आठवड्याने दोऱ्याला लागलेले लखलखीत खडे. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. परीक्षेत पाच मार्कांना प्रश्नही काढला होता मी. ज्यांना जमला नाही त्यांना मी काय काय बोलले होते.

खंडूभाऊंनी बाटली उचलली, कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवली. बघता बघता कण विरघळू लागले, मध आरपार दिसायला लागला. मी तिथेच कान पकडले.

"चुकले, भाऊ. तुम्ही पेट्या नेऊ नका."

"तुमाला कळलं, बरं झालं," ते म्हणाले. "पर गावाचं काय? पुढच्या हंगामात मी कुनाच्या रानात पेटी ठिवू? समद्यांच्या फोनात माझं नाव हाय."

"नाव मी लिहिलं नव्हतं."

"म्हनून तर समद्यांनी वळखलं."

ऊन डोंगराकडे कलायला अजून दोन-अडीच तास होते. माश्या घरी परतल्या की दारं लागणार. मी ठरवलं, जिथे आग लावली तिथेच विझवायची. ग्रुपवर माफीचा व्हिडिओ. आणि तो पेट्यांजवळ उभं राहून, म्हणजे विश्वास बसेल.

व्हिडिओ म्हटल्यावर जरा नीटनेटकं नको का दिसायला? मी तोंड धुतलं, पावडर लावली, ओठांना स्ट्रॉबेरीच्या वासाचं ते गुलाबी मलम लावलं आणि वीस पेट्या माश्यांसमोर जाऊन उभी राहिले. 'नमस्कार मैत्रिणींनो' एवढं म्हणाले. 'मैत्रिणींनो'च्या अनुस्वारावर वरच्या ओठाला विस्तव टेकला.

"वडू नका, वडू नका," म्हणत खंडूभाऊ धावत आले आणि नखानं खरवडून काटा काढला. "असला वास लावून कुनी येतं व्हय? त्यांना वाटलं कुठलं फूल हाय, का कुठलं संकट हाय, काय कळंना."

दहा मिनिटांत माझा ओठ नाकापर्यंत पोहोचला. पण वेळ कुठे होता? तशीच परत उभी राहिले, या वेळी वीस पावलं लांब, हातात बाटली धरली आणि बोलले. मध अगदी शुद्ध आहे, मीच मूर्ख आहे, थंडीत मध गोठतो, मी तो रोज खाते. पाठवून दिला.

पहिलं उत्तर तीस सेकंदांत आलं. 'अगं बाई, मध खाऊन झालं का हे तोंडाचं?'

दुसरं: 'म्हणूनच म्हणत होते, युरियाच.'

तिसऱ्या बाईंनी फक्त हात जोडले होते.

मग एकच मार्ग उरला. गावात सात घरांनी खंडूभाऊंचा मध घेतला होता. मी ओढणीनं अर्धं तोंड झाकलं आणि निघाले. प्रत्येक दारात तेच. बाटली काढायला लावायची, त्यांच्यासमोर त्यांच्याच चमच्यानं खायचं.

पहिल्या घरी एक चमचा पुरला. दुसऱ्या घरच्या काकू म्हणाल्या, "एका चमच्यानं काय कळतंय?" म्हणून दोन.

"ओठाला काय झालं गं, पल्लवी?"

"माशी चावली."

"मधातली?"

"नाही हो काकू, पेटीतली."

"पेटीत बी निघाली?"

तिसऱ्या घरी मी संपृक्त द्रावण समजावायला गेले, तर त्या घरातल्या आजींनी सुनेला हाक मारून सांगितलं की ताप डोक्यात गेलेला दिसतोय. चौथ्या घरापासून मी शहाणी झाले. तूप कसं थिजतं, तसा मध थिजतो, एवढंच म्हणायचं. "हां, रवाळ व्हय," असं म्हणून बाई पुढचा चमचा भरायच्या. तीन वर्षांच्या केमिस्ट्रीनं जे जमलं नाही ते सासूबाईंच्या बरणीनं केलं.

सातव्या घरी मोजलं, तर चौदा चमचे झाले होते. तिथल्या आजी कितीतरी वेळ माझ्याकडे टक लावून बघत बसल्या. मी पडते का, याची वाट बघत असाव्यात. मग त्यांनी नातीकडून ग्रुपवर लिहून घेतलं: 'मध चांगला हाय. पल्लवीनं सात घरचा खाल्ला, अजून उभी हाय.'

खाली पटापट अंगठे उमटले. माझ्या व्हिडिओपेक्षा जास्त.

धापा टाकत रानात पोहोचले, तेव्हा टेम्पो बांधाला लागला होता. ऊन डोंगरामागे गेलेलं, माश्या परतत होत्या. आप्पा आणि खंडूभाऊ पेट्यांपाशी उभे. मी फोन पुढे केला. खंडूभाऊंनी आजींचा निरोप दोनदा वाचला. मग माझ्या ओठाकडे बघितलं आणि त्यांना हसू आवरेना.

"ऱ्हाऊ द्या," ते टेम्पोवाल्याला म्हणाले. "कळप एकदा रानात बसला का मधीच उठवू न्हाई."

टेम्पो रिकामा परत गेला. आप्पांचे दोन शब्द शिल्लक होते, पण ते त्यांनी वापरले नाहीत. नुसतं "हं" म्हणाले. ते शब्दात धरायचं का, हे मला माहीत नाही.

इथे किस्सा संपला असता तर मी तुम्हाला तो थोडा तरी ताठ मानेनं सांगितला असता.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून माझं पोट. किती वेळा, घट्टपणा, रंग हे विचारू नका. चौदा चमच्यांची पंगत उठवायची म्हणजे काय, ते मला कळलं. दहाच्या एसटीनं ओवीला घेऊन घोडेगाव गाठलं. तिला दाखवायचं होतंच, आणि वही बरोबर होती.

डॉक्टरांनी वही चाळली. मनापासून म्हणाले, "छान नोंदी केल्यात. हिचं पोट एकदम बसलंय. तुमचं काय झालं?"

मी सांगितलं. सगळं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मध त्या जिवाणूंना चालतो, नाही असं नाही," ते म्हणाले. "पण त्यांना डाळ चालते, भाकरी चालते, केळं चालतं. रोजचं साधं जेवण केलं की त्यांचंही होतं. एवढं सगळं एका दिवसात नव्हतं खायचं." मग ओवीकडे वळून म्हणाले, "काय गं, तुला आवडतो का मध?"

"नाही," ओवी म्हणाली. "चिकट असतो."

"मग रोज दह्यातला मध कोण खातं?"

"टायगर."

डॉक्टरांनी वही मिटली.

"आजी म्हणाली, मध पावण्यांना द्यायचा," ओवीनं समजावून सांगितलं. "आपल्याकडे टायगरच पावणा आलाय ना."

म्हणजे नऊ दिवस. नऊ वाट्या. माझ्या वहीतला तो चढता आलेख पेजेचा होता. झाकण टेकायच्या आत टायगर धावला तो मध खोटा म्हणून नव्हे, तर त्याची रोजची वेळ झाली होती म्हणून. एका माणसाचं नाव, अर्धा एकर बी आणि माझा वरचा ओठ, सगळं पणाला लागलं होतं ते एका कुत्र्याच्या नाश्त्यावर.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांना सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला असेल?

"म्हंजी माजी परीक्षा बरोबरच व्हती," त्या म्हणाल्या. "कुत्रं तू बिगडवलंस."

पुढे उन्हाळ्यात आप्पांनी एक वाळलेला गोंडा तळहातावर चुरडून माझ्यापुढे धरला. काळंभोर बी. "धरलं," ते म्हणाले. एकच शब्द, पण दिवसभर पुरला.

खंडूभाऊ अजूनही दर हंगामाला एक बाटली देतात. त्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं चिठ्ठी लावलेली असते: 'रवाळ व्हनार. फोटू काढू ने.'

आणि वही? ती मी फाडणार होते, पण सासूबाईंनी ठेवून घेतली, पाहुण्यांना दाखवायला. मी फक्त पहिल्या पानावरचं ओवीचं नाव खोडून टायगरचं लिहिलं. खरं सांगते, उपचाराचा गुण बघायचा तर त्याच्याकडे बघा. बरगड्या दिसेनाशा झाल्या, केस तुकतुकीत, चालण्यात रुबाब. बी.एस्सी. झाल्यापासून माझा यशस्वी झालेला हा एकमेव प्रयोग. आता रोज दिवेलागणीला त्याला मीच कडेवर उचलून आत घेते. बिबट्यानं दोनदा सोडलं होतं, पण तेव्हा मी त्याला मध सुरू केला नव्हता.